सोळा यार्डांची दोरी

प्रथम क्षमा मागतो. चौतीस वर्षे महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवताना प्रश्नपत्रिका आणि रजेचे अर्ज यांपलीकडे मी काही लिहिलेले नाही. हॉकीची काठी मी कधी हातात धरलेली नाही. उतारवयात लेखणी उचलणाऱ्याने निदान स्वतःला ठाऊक असलेल्या विषयाला हात घालावा, एवढे मला कळते. शिवाय हे लिहा असे मला कोणी सांगितलेलेही नाही. तरीही हॉकीच्या मैदानावरच्या एका माणसाविषयी लिहिण्याचे धाडस करतो आहे. जाणकारांनी माझ्या चुका पोटात घालाव्यात.

त्या माणसाचे नाव मधुकर देवरे. मैदानावर सगळे त्यांना नाना म्हणत. ते मूळचे बागलाणातले, सटाण्याजवळच्या एका खेड्यातले, आणि नोकरीपुरते नाशिकचे झालेले. एरवी त्यांचे बोलणे शुद्ध, मोजके, सरकारी टिपणीसारखे असे. पण मन हलले की पोटातली अहिराणी वर येई, आणि मग समोरच्याला कळो न कळो, ते त्याच भाषेत बोलून मोकळे होत.

आमची ओळख झाली ती त्यांनी मला कामाला लावले म्हणून. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितले होते. गंगापूर रोडच्या आमच्या वसाहतीमागे एक जुने मैदान आहे. तिथे एका रविवारी सकाळी मी फेऱ्या मारत असताना गोलच्या खांबापाशी ओणवे झालेले एक उंच गृहस्थ मला म्हणाले, "अहो, जरा टोक धरता का?"

मी धरले. ते एका सुती दोरीचे टोक होते. मी ते खांबाच्या बुंध्याशी टेकवून बसायचे, आणि नानांनी दुसरे टोक हातात घेऊन, दोरी ताणत, भोके पाडलेल्या डब्यातून चुन्याची फक्की सांडत चालायचे, असे ते काम होते. ते चालू लागले आणि जमिनीवर एक पांढरी कमान उमटू लागली. मग दुसऱ्या खांबापासून दुसरी कमान, दोन्हींना जोडणारी एक लहान सरळ रेघ, आणि गोलासमोरचा इंग्रजी डी अक्षरासारखा भाग तयार झाला. हॉकीत त्या रेघेला मोठे महत्त्व आहे, हे मला त्या दिवशी कळले. चेंडू डीच्या आतून मारला तरच गोल, बाहेरून मारलेला सरळ जाळ्यात गेला तरी व्यर्थ. खांबापासून त्या कमानीचे अंतर सोळा यार्ड.

"हलू नका," नाना लांबून म्हणाले. "तुम्ही तिकडे बोटभर हललात, की इकडे सामना हलतो."

त्यानंतर सात वर्षे मी ते टोक धरत राहिलो. त्यांनी मला पुन्हा कधी विचारले नाही आणि मीही कधी नाही म्हटले नाही. आमच्या मैत्रीत एवढेच घडले, पण मला ते पुरेसे वाटत असे.

नाना एका सरकारी कार्यालयात आरेखक होते. धरणांचे, कालव्यांचे नकाशे हाताने काढायचे, त्यावर पारदर्शक कागद ठेवून शाईने गिरवायचे, हे त्यांचे काम. संगणक आल्यावर त्यांच्या विभागातली उतरती टेबले एकेक करून उचलली गेली. शेवटची चार वर्षे ते आवक-जावक कारकुनाशेजारी बसून पाकिटांवर पत्ते लिहीत. ते पत्ते इतके देखणे असत, की एका तालुक्याच्या कार्यालयाने ती पाकिटे फाडण्याऐवजी कडेने उघडायला सुरुवात केली होती, असे ते सांगत. ते विनोदाने सांगत, असे मला वाटते. मला विनोद लवकर कळत नाही.

रेघेवर ते कधी पाय देत नसत. मैदानावर तर नाहीच, पण रस्त्यावरचे पांढरे पट्टे, दारातली रांगोळी, बँकेतली रांगेची पिवळी रेघ, सगळे ते ओलांडून जात. साठीच्या माणसाने भर चौकात पट्ट्यापट्ट्यांवरून ढांगा टाकत जाणे हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे. वहिनी म्हणत, "ताट वाढलं तरी आधी वाट्या एका रेषेत आहेत का ते बघतात. भाजीला मीठ नसलं तरी कळत नाही."

आणि ती दोरी. ती ते एका सागाच्या फळीवर गुंडाळून ठेवत. फळी स्वतःच तासलेली, बरोबर अर्धा यार्ड लांब, म्हणजे एक वेढा पुरा झाला की एक यार्ड. सोळा वेढे झाले की दोरीचे टोक फळीच्या कडेला कोरलेल्या एका बारीक खाचेत येऊन बसे. सामन्यानंतर दोरी गुंडाळणे म्हणजे तिची परीक्षा घेणे असे. टोक खाचेत बसले की नाना अंगठ्याने ते दाबून "हं" एवढेच म्हणत. दोरी कुठे विरली, ताणली गेली असे वाटले, तर ती फेकून देत आणि घरच्या पोलादी टेपने मोजून नवी कापत. गाठ कधी मारत नसत. "गाठीची दोरी गाय बांधायला," असे त्यांनी मला पहिल्याच वर्षी सांगितले होते.

आता त्यांच्या वेडाविषयी. जिल्ह्याच्या साखळी स्पर्धेत आठ संघ खेळत. त्यांतला पिवळ्या कपड्यांचा संघ आमच्या भागातला, आणि नानांचा जीव त्या पिवळ्यांत गुंतलेला. तरुणपणी ते त्या संघात राखीव खेळाडू होते. तीन हंगामांत मिळून अकरा मिनिटे खेळलो, असे ते अभिमानाने सांगत. पण फक्कीचा डबा हातात असताना ते कोणाचेच नसत. "रेघेला बाजू नसते," हे त्यांचे वाक्य. एकदा पिवळ्यांचा तेव्हाचा कप्तान थट्टेने म्हणाला, "नाना, समोरचा डी जरा ऐसपैस काढा ना, आपल्या पोरांना लांबून मारता येईल." नानांनी डबा खाली ठेवला, त्याच्याकडे पाहिले, आणि पुन्हा उचलून काम चालू केले. पुढचे तीन रविवार ते त्याच्याशी बोलले नाहीत. चौथ्या रविवारी त्याने गोल केला तेव्हा मात्र सगळ्यांत आधी टाळी त्यांचीच होती.

पिवळ्यांचे पाठीराखे म्हणजे आम्ही बोटांवर मोजण्याइतके लोक. त्यांतले दोघे महत्त्वाचे. शकीलभाई, ज्यांची जुन्या नाशकात बेकरी आहे आणि जे पिशवीभर नानखटाई घेऊन येत. ती जिंकल्यावर वाटायची, असा नियम होता. हरल्यावर ती तशीच परत जाई, आणि सोमवारी बेकरीत चहाबरोबर खपे. "पिवळ्यांच्या मेहरबानीनं माझं सोमवारचं गिऱ्हाईक बांधलं गेलंय," असे ते म्हणत. दुसऱ्या पगारे मॅडम, टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान त्या संघाचे गोलरक्षक होते आणि त्यांच्या पश्चात मॅडमनी त्यांची जागा मैदानाकडेच्या पायऱ्यांवरून सांभाळली होती. पंचांना त्या नावाने हाक मारत. "अहो सानप, चष्मा घरी राहिला का? माझा घ्या, नंबर आत्ताच काढलाय!" असे त्या ओरडल्या, की स्वतः सानपसुद्धा हसू दाबत.

नाना आमच्यात बसत नसत. कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ हात मागे बांधून ते उभे राहत. ओरडणे नाही, उड्या नाहीत. प्रतिस्पर्ध्याने चांगला पास दिला तर तीनदा सावकाश टाळी वाजवत. पिवळ्यांचा गोल झाला, की मात्र तोंडातल्या तोंडात "शे, शे, गोल शे", म्हणजे आहे, गोल आहे, असे पुटपुटत झेंड्याची काठी घट्ट धरत. मॅडम म्हणत, "त्या काठीला एक दिवस घाम फुटेल."

अकरा वर्षे पिवळे उपांत्य फेरीत गेले नव्हते. आठांतले पहिले चार पुढे जात, आणि आम्ही पाचवे, सहावे, एकदा तर आठवे. त्या हंगामात मात्र काय झाले कोण जाणे, शेवटच्या साखळी सामन्यापर्यंत आशा जिवंत राहिली. तीन जागा ठरल्या होत्या. चौथीसाठी आम्ही आणि घोटीचा संघ. घोटीचे एका गुणाने पुढे होते, आणि दोघांचाही एकेक सामना बाकी. आमचा लाल संघाशी, त्यांचा पुढच्या रविवारी निळ्यांशी. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. मला संख्याशास्त्राचा माणूस म्हणून पायऱ्यांवर अचानक मान आला. पगारे मॅडमनी वहीचा कागद पुढे केला. "सर, सगळ्या शक्यता मांडा. आणि आपण जातो अशीच मांडा."

मी मांडल्या. आम्ही जिंकलो तर घोटीच्या दोन गुण पुढे, मग त्यांना जिंकावेच लागेल, बरोबरीही पुरणार नाही. आमची बरोबरी झाली तर दोघे समान, आणि मग घोटीला नुसती बरोबरी पुरेल. हरलो तर मांडण्यासारखे काही उरत नव्हते. वाचकांनी एवढे आकडे ध्यानात ठेवावेत, अशी विनंती आहे. पुढे जे झाले ते त्यांच्या बाहेरचे नाही.

तो रविवार जानेवारीतला होता. थंडी कडाक्याची, गवतावर दव. नाना नेहमीपेक्षा तासभर आधी आले होते. पूर्वेचा डी आम्ही काढला. पश्चिमेकडे जाताना दोरीचे लोंबते टोक मैदानावर फिरणाऱ्या लोखंडी रोलरखाली गेले, आणि नानांच्या लक्षात येईपर्यंत दोरी तुटली. तुटल्या जागी ती पिंजून गेली होती. नवी कापायची तर टेप घरी. दोन्ही संघ मैदानात उतरून चेंडू मारू लागले होते, सानप घड्याळ पाहत होते, पायऱ्या कधी नव्हे त्या भरल्या होत्या. नानांनी घराच्या दिशेने पाहिले, मग मैदानाकडे पाहिले.   झरकन् त्यांनी दोन तुकडे जोडून गाठ मारली.

"धरा टोक."

मी धरले. गाठ माझ्यापासून हातभर अंतरावर होती. ती मला स्पष्ट दिसत होती. गाठीत दोरी जाते, हे कळायला संख्याशास्त्र लागत नाही. पण नानांनी तेवढी वाढ दुसऱ्या टोकाला धरली असेल, त्यांना मी काय सांगणार, असे मला वाटले. खरे सांगायचे तर वाटलेसुद्धा नाही. मी गप्प बसलो, एवढेच. ती माझी जुनी सवय आहे.

सामना सांगण्याची माझी पात्रता नाही. शेवटची दोन मिनिटे उरली तेव्हा आम्ही दोन-एकने पुढे होतो. लाल संघाचा कप्तान, मोगल आडनावाचा दिंडोरीकडचा रांगडा गडी, पश्चिमेच्या डीवर एकटा चेंडू घेऊन आला आणि त्याने जो फटका मारला तो आमच्या गोलरक्षकाने पाहिलाही नाही. जाळे हलले.  आणि शिट्टी वाजली. सानप रेघेकडे बोट दाखवत होते. चेंडू बाहेरून मारला होता. फटक्याने ओल्या जमिनीचा टवका उडाला होता, आणि ती खूण रेघेच्या चार बोटे पलीकडे सगळ्यांना दिसत होती. मोगलने खाली पाहिले, हात जोडले, आणि वाद न घालता मागे फिरला. रेघ नानांची होती.

मग जे झाले ते मी सात वर्षांत पाहिले नव्हते. पगारे मॅडम चप्पल पायऱ्यांवर टाकून मैदानात धावल्या आणि गोलरक्षकाच्या गळ्यात पडून रडल्या. शकीलभाईंनी नानखटाई खेळाडूंना दिली, पंचांना दिली, लाल संघाला दिली, रोलरवाल्याच्या दोन्ही खिशांत भरली. "प्रोफेसर, आता बोलो, क्या चान्स?" असे ते मला गदागदा हलवत विचारत होते. मी म्हटले, "घोटी जिंकली नाही तर आपण." त्यांनी माझा मुका घेतला. माझ्या आयुष्यात एवढ्या लोकांदेखत असे काही झालेले नाही.

नाना पश्चिमेच्या गोलापाशी दोरी गुंडाळत बसले होते. मी जवळ गेलो तेव्हा सोळावा वेढा चालू होता. टोक खाचेपर्यंत पोहोचले नाही. त्यांनी सगळी दोरी उलगडली, पुन्हा गुंडाळली. पुन्हा तेच. कमी पडलेल्या जागेवर त्यांनी हात ठेवला. एक वीत आणि वर दोन बोटे, म्हणजे डी तेवढा आखूड. मग ते उठले, मोगलच्या फटक्याच्या खुणेशी गेले, आणि रेघेपासून तिथवर आपली बोटे टेकवली. चार.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "मन्हं चुकनं," ते म्हणाले. माझं चुकलं.

मागे शकीलभाईंचा गजर चालू होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी बेकरीत सगळ्यांना सांगितले. आढेवेढे न घेता, कार्यालयात अहवाल द्यावा तसे. शकीलभाई आधी हसले. "अरे नाना, फर्स्ट हाफ में तो वोच डी पे अपन मार रहे थे. अपने को भी छोटाच था ना? हिसाब बराबर."

"त्या अर्ध्यात कोणी रेघेवरून मारला नाही," नाना म्हणाले. "मी आठवून पाहिलं."

पगारे मॅडमनी कप खाली ठेवला. "म्हणजे तुम्हांला काय म्हणायचंय? गोल होता?"

"होता."

"अकरा वर्षं, नाना! यांच्या फोटोसमोर काल मी पेढा ठेवला. आणि तुम्ही वीतभर दोरी घेऊन बसलाय?"

"वीत आणि दोन बोटं," नाना म्हणाले. त्यांना तो विनोद वाटला नव्हता आणि कोणी हसलेही नाही. मॅडम उठून गेल्या. बेकरीच्या दारात वळून म्हणाल्या, "ती पोरं ऊन-थंडी न बघता धावली. त्यांच्या पायांना पण मोजा एकदा."

नाना अर्धा कप तसाच ठेवून उठले. 

त्यानंतर ते हॉकी संघटनेच्या सचिवांकडे गेले. मी बरोबर होतो. सचिव गोसावी सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी आम्हांला खुर्च्या दिल्या, पाणी दिले, सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "नाना, तक्रार कोणाची? लालवाल्यांची तर नाही. पंचांनी रेघ बघून निकाल दिला, रेघ पांढरी होती, दिसत होती. नियमात ते पुरेसं आहे."

"रेघ चुकीची होती."

"असेल. पण हे सांगणारे तुम्ही कोण? खेळाडू नाही, पंच नाही, पदाधिकारी नाही. तुमची नोंद कुठल्या रकान्यात करू?" हे त्यांनी कुत्सितपणे विचारले नाही. त्यांना खरेच रकाना सापडत नव्हता. मग ते म्हणाले, "बरं, गाठ होती, डी काढताना होती, हे पाहिलेलं दुसरं कोणी आहे का?"

नानांनी माझे नाव घेतले नाही. माझ्याकडे पाहिलेही नाही. मी टेबलावरच्या काचेखाली ठेवलेले जुन्या संघांचे फोटो पाहत राहिलो. गोसावींनी फाइल मिटली.

मंगळवारी आम्ही दिंडोरीला गेलो. मोगल एका द्राक्षबागेत फवारणीच्या ट्रॅक्टरजवळ होता, तोंडाला फडके बांधलेले. नानांनी त्याला दोरी दाखवली, फळी दाखवली, बोटांनी अंतर दाखवले. तक्रार लिहून दे, मी खाली सही करतो, म्हणाले. त्याने फडके खाली ओढले.

"नाना, आमी तर आधीच भाईर हाय. बरोबरी झाली काय, हारलो काय."

"पण तुझा गोल होता रे भो."

"आसंल. पण लय वर्षं झाली, तुमच्या रेघेवर आमी कधी शंका घेतली नाय. आता तुमीच घेताय व्हय?" तो हसला आणि त्याने आम्हांला दोन घड काढून दिले. "खा. गोड हायेत. आन् सेमीत जोरात वरडा."

परतीच्या बसमध्ये नाना द्राक्षांची पिशवी मांडीवर धरून बसले होते. ते म्हणाले, "माफ कोणी करायला हवं तेच कळत नाही. मोगलचं नुकसान झालं नाही. झालं असेल तर घोटीवाल्यांचं. आणि त्यांना काही ठाऊक नाही." मग, "आता घोटीनं जिंकावं. म्हणजे मिटलं."

ज्या माणसाने चाळीस वर्षे पिवळ्यांसाठी झेंड्याची काठी धरली, त्याच्या तोंडचे हे वाक्य मी ऐकले आणि खिडकीबाहेर पाहिले. 

रविवारी घोटी आणि निळे यांचा सामना आमच्याच मैदानावर होता. नानांनी नव्या दोरीने मैदान आखले. दोरी पोलादी टेपने तीनदा मोजली. मी टोक धरले. आमचे सगळे पाठीराखे निळी फडकी बांधून आले होते. ज्या निळ्यांना मॅडमनी हंगामभर शेलक्या शब्दांत ओवाळले, त्यांच्यासाठी त्या आता घसा फोडत होत्या. "माझ्या राजांनो, नुसते उभे राहा रे डीत! जिंकू नका, फक्त हरू नका!" शकीलभाई दर पाच मिनिटांनी माझ्या घड्याळात वेळ पाहत, स्वतःच्या घड्याळावर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

नाना झेंड्यापाशी होते, पण ज्या बाजूला घोटीचे आक्रमण करत होते त्या कोपऱ्यात. घोटीचे जीव तोडून खेळले. एक फटका खांबाला लागला. खांबाचा आवाज झाला तेव्हा पायऱ्यांवरून सुटकेची आरोळी उठली, आणि कोपऱ्यात नानांनी डोळे मिटलेले मला दिसले. उत्तरार्धात आणखी एक फटका खांबाला लागला. दोन्ही चेंडू डीच्या चांगले आतून मारलेले होते. रेघेचा त्यात काही संबंध नव्हता.

शून्य-शून्य. बरोबरी. माझ्या कागदावरची तीच ओळ, जी आमचा सामना बरोबरीत सुटला असता तर घोटीला पुढे नेणार होती, आणि आता आम्हांला नेत होती.

आमच्या लोकांनी ताशा आणला होता. त्या गलक्यात घोटीची पोरे मैदानावर बसकण मारून बसली. एकजण हॉकीच्या काठीने नुसता गवत खरवडत होता. नाना त्यांच्याजवळ गेले. मला वाटले, आता सांगतात. ते पाच-सात पावलांवर थांबले. हात वर केले, आणि तीनदा सावकाश टाळी वाजवली. मग आणखी तीनदा. त्या पोरांनी वर पाहिले. पिवळ्यांचा म्हातारा आपली थट्टा करतो आहे असे त्यांना वाटले असावे, कारण एकाने तोंड फिरवले. नाना हात तसेच धरून उभे राहिले. मी त्यांना हाताला धरून बाहेर आणले.

वाटेत मी एवढेच विचारले, "सांगितलं का नाही?"

"काय उपयोग?" ते म्हणाले. "त्यांनी आज हरल्याचं दुःख केलं. ते खरं दुःख आहे. माझं सांगून ते खोटं कशाला करू?"

उपांत्य सामना पुढच्या शनिवारी होता. नाना येतील की नाही याची मला शंका होती, पण ते आले. टेप, नवी दोरी, डबा. पूर्वेचा डी, पश्चिमेचा डी, बाजूच्या रेघा, मधली रेघ. इतक्या सरळ, इतक्या शुभ्र रेघा मी त्या मैदानावर पाहिल्या नव्हत्या. काम झाल्यावर त्यांनी पिशवीतून सागाची फळी काढली. तिच्यावर ती जुनी दोरी होती, गाठीसकट.

"ही तुमच्याकडे राहू द्या."

"मी काय करू हिचं?"

"काही नाही. धरा."

पिवळे मैदानात धावत आले. पायऱ्यांवरून पगारे मॅडमचा आवाज उठला, ताशा सुरू झाला, आणि शकीलभाई मोठ्याने ओरडले, "नाना, झेंडा पकडो! आज तुमचीच जरूरत हाय!" नानांनी हात वर करून त्यांना दाखवला, आणि फाटकाकडे चालू लागले. बाजूची रेघ आली. सात वर्षांत प्रथमच ती ओलांडायला त्यांनी पाय उचलला नाही. ते तिच्यावरून गेले. फाटकापर्यंतच्या लाल मातीत त्यांच्या उजव्या बुटाचे पांढरे ठसे उमटत गेले, आधी ठळक, मग फिकट, मग नाहीसे. शिट्टी वाजली तेव्हा ते रस्ता ओलांडत होते. त्यांनी मागे पाहिले नाही.

त्या सामन्यात काय झाले ते इथे लिहिण्याचे कारण नाही. पावसाळ्याआधी नाना आणि वहिनी सटाण्याला पुतण्याकडे राहायला गेले. निघताना ते मला भेटले, चांगले बोलले, प्रकृती जपा म्हणाले. गाठीचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मीही काढला नाही. मैदान आता एक ठेकेदाराचा माणूस चाकाच्या यंत्राने आखतो. त्याला टोक धरायला कोणी लागत नाही.

फळी माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहे. अधूनमधून मी दोरी उलगडतो आणि पुन्हा गुंडाळतो. टोक खाचेपर्यंत पोहोचत नाही. नाना त्या सकाळी घाईत होते, त्यांचे मन थाऱ्यावर नव्हते, त्यांना गाठीचा विसर पडला. मी तर शांत होतो. माझ्यासमोर हातभर अंतरावर ती गाठ होती, आणि विचारायला चार शब्द पुरले असते.

तुम्ही ते टोक धरून बसला असता, तर विचारले असते का?